थोरल्या भावाचं भाषण: पहिलं नाटक, सेन्सॉर आणि स्पर्धा

पहिलं दोन अंकी नाटक लिहायला घेतलं तेव्हा मला दोन गोष्टी कुणाला तरी विचारायच्या होत्या. एक म्हणजे लिहून झाल्यावर कागद कुठे कुठे द्यावे लागतात. दुसरी म्हणजे आपल्याला जे म्हणायचंय ते पात्राच्या तोंडी घालायचं की नाही, आणि घातलं तर किती. पहिल्याची उत्तरं तुकड्यातुकड्यांनी मिळाली. दुसऱ्याचं उत्तर ज्याला विचारावं त्याचं वेगळं. आता हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमचा प्रयोग होऊन गेलाय, डोकं जरा निवांत आहे, तेवढ्यात लिहून ठेवते. पुढच्या स्पर्धेसाठी कुणी पहिल्यांदाच लिहीत असेल तर उपयोग होईल.

मी सांगलीत राहते आणि एका सीएंच्या ऑफिसात काम करते. नाटकाच्या ग्रुपमध्ये बरीच वर्षं आहे, पण विंगेत. प्रॉम्प्टिंग, प्रॉपर्टी, हिशेब. लिहिण्याचं मनात आलं ते पुरामुळे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. इथे इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीबाहेरच्यांनाही कळेल. 2021 मध्ये परत पाणी आलं. दर वेळी तीच माणसं तीच घरं धुऊन परत तिथेच राहायला जातात, आणि दर वेळी मला वाटतं की पूरपट्ट्यात नवीन बांधकाम होऊच द्यायला नको. हे माझं मत आहे. ऑफिसात, लग्नात, रिक्षात, सगळीकडे मी ते सांगत असते. नाटकाचा जन्म त्यातूनच झाला.

गोष्ट साधी. गावभागातलं, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीतलं, वडिलोपार्जित घर, पूर ओसरल्यानंतरचा आठवडा. थोरला भाऊ पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला, विश्रामबागेत उंचावर फ्लॅट घेऊन राहणारा. धाकटा भाऊ त्याच घरात, खाली त्याचं स्टेशनरीचं दुकान. थोरला म्हणतो घर पाडा आणि जागा सोडा. धाकटा म्हणतो राहणार. आई दोघांच्या मधे. 3 जूनला सुरुवात केली आणि जुलैअखेर पहिला खर्डा झाला. रात्री साडेदहानंतर लिहायचे. 20 तारखेच्या आसपास जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचं दरमहाचं विवरणपत्र, भरायची गडबड असते, तेव्हा वही बंद. तुमच्या नोकरीला असा महिन्याचा ठरलेला घाट असेल तर आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा, त्या दिवसांत काही लिहून होत नाही आणि उगाच जीव खालीवर होतो.

खर्ड्यात थोरल्याच्या तोंडी दुसऱ्या अंकात पावणेतीन पानांचं भाषण होतं. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, या रेषांच्या आत काय बांधता येतं आणि काय नाही, गावानं काय केलं, पुढाऱ्यांनी काय केलं. सगळं खरं आणि मुद्देसूद. शेवटी एक वाक्य होतं: ‘नदीनं कुणाचं घर घेतलं नाही, तिनं स्वतःची जागा परत घेतली.’ टाळीचं वाक्य. ते सुचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

9 ऑगस्टला दिग्दर्शकांच्या घरी वाचन ठेवलं. आम्ही त्यांना काका म्हणतो. सत्तरी ओलांडलीय, आयुष्यभर हौशी रंगभूमी केली. ग्रुपमधली सगळी मंडळी आणि बाहेरचे दोघेतिघे. मीच वाचलं. वाचनाबद्दल एक सूचना: लेखकाने स्वतः वाचू नये. आपण आपल्या आवडत्या वाक्यांना आपोआप वजन देतो आणि ऐकणाऱ्यांना नाटक आहे त्यापेक्षा बरं वाटतं. काकांनी भाषण संपल्यावर हात वर केला आणि म्हणाले, “ताई, हे पान परत वाच, पण तुझ्या आवाजात नको. कंडक्टर तिकिटं मागतो तशा आवाजात वाच.” वाचलं. खोलीतलं कुणीतरी मोबाइल बघायला लागलं.

मग चर्चा झाली आणि ती भाषणावरून सुटून भलतीकडेच गेली. एकाचं म्हणणं, यात वाईट काय? मराठी नाटक तर याचसाठी उभं राहिलं. आणि ते आपल्या घरचंच उदाहरण. गोविंद बल्लाळ देवल इथल्या हरिपूरचे. 1899 चं ‘संगीत शारदा’ त्यांनी जरठ-बाला विवाहाविरुद्ध लिहिलं, त्यातला कोदंड सुधारकांची बाजू मांडतो. मग आपल्या नाटकात थोरल्याने मांडली तर बिघडलं कुठे? काका म्हणाले, बरोबर, पण कोदंडाचं एक तरी वाक्य म्हणून दाखव. कुणालाच येईना. म्हाताऱ्या नवरदेवाच्या वयाची थट्टा करणारं पद मात्र तिघांनी एकदम सुरू केलं, चालीसकट. देवलांना काय म्हणायचं होतं ते सव्वाशे वर्षांनी आम्हाला पोचलं ते त्या पदातून, लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताच्या लबाडीतून आणि शारदेच्या भीतीतून. ज्याच्याकडे लेखकाची बाजू सोपवली तो बिचारा कोदंड आठवणींच्या कोपऱ्यात.

दुसरं उदाहरणही सांगलीचंच निघालं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा जन्म सांगलीचा. 1907 च्या ‘कीचकवध’मध्ये व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेही नाही, काँग्रेसचं नाही, जहाल-मवाळांचं नाही. महाभारतातली गोष्ट महाभारतातल्याच माणसांनी बोलायची. पण प्रेक्षकांनी कीचकाला कर्झन ओळखलं, भीमाला जहाल, धर्मराजाला मवाळ, द्रौपदीला देश. सरकारनेही तेच ओळखलं आणि 1910 मध्ये बंदी घातली. म्हणजे इथे खाडिलकरांचं मत कुणा एका पात्राच्या भाषणात नव्हतं, कोण कोणासमोर उभं आहे यात होतं. काका याला मांडणी म्हणतात. मला हे उदाहरण देवलांपेक्षा जास्त पटलं, आणि थोडी असूयाही वाटली, कारण माझ्याकडे महाभारत नव्हतं.

काकांचं स्वतःचं लाडकं उदाहरण गडकऱ्यांचं. ‘एकच प्याला’ दारूविरुद्धचं नाटक, गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. त्यात दारूची बाजू तळीराम मांडतो, आणि काय मांडतो! आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाच्या, प्रवेशात नाट्यगृह हसून लोळतं. दारू वाईट हे सांगणाऱ्या लेखकाने दारुड्याला आपली सगळी प्रतिभा देऊन टाकली. “तुझ्या धाकट्याला तू काय दिलंयस?” काकांनी मला विचारलं. मी संहिता उघडून पाहिली. धाकट्याला त्या प्रवेशात सहा वाक्यं होती, त्यातली दोन ‘पण दादा’ आणि ‘ऐक तर’.

घरी आल्यावर मी जे केलं ते कुणालाही करता येईल. हिरवा स्केचपेन घेतला आणि जी जी वाक्यं मी स्वतः चहा पिताना म्हणते ती सगळी अधोरेखित केली. आवडलेली वाक्यं नव्हेत, फक्त माझी मतं. थोरल्याची पानं हिरवीगार झाली. आईच्या तोंडी दोन, धाकट्याच्या तोंडी शून्य. मग प्रत्येक हिरव्या वाक्यासाठी तीन पर्याय ठेवले: काढायचं, किंवा जो ते म्हणणं शक्यच नाही त्याच्या तोंडी द्यायचं, किंवा जो म्हणतो त्याला ते म्हणणं महागात पाडायचं. चेखवने 1889 मध्ये आपल्या एका कथेतल्या प्राध्यापकाबद्दल प्रकाशक सुव्होरिनला लिहिलं होतं की तुम्हाला कॉफी दिली तर तिच्यात बिअर शोधू नका. प्राध्यापकाची मतं दिली आहेत तर त्यात चेखवची शोधू नका. हे काकांनीच सांगितलं. माझी अडचण उलटी होती. माझ्या कपात शोधायची गरजच नव्हती, फेस वर आला होता.

पण खरं वळण मावशीकडे मिळालं. ती गावभागातच राहते, 2019 ला तिच्या घरात पोटमाळ्यापर्यंत पाणी होतं. ऑगस्टअखेर एका रविवारी तिला दुसरा अंक वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला आणि म्हणाली, “तुझा इंजिनिअर बोलून दमत कसा नाही गं? आमच्याकडे पाणी उतरल्यावर पहिले चार-पाच दिवस कुणी वाक्यसुद्धा पुरं करत नव्हतं.” मग उठून आतल्या खोलीतलं लाकडी कपाट दाखवलं. पुरानंतर कपाटाचं दार फुगून चौकटीत घट्ट बसतं. किल्ली फिरते, कुलूप उघडतं, दार उघडत नाही. खालून पकडून जरा वर उचलायचं, मग उजवीकडे ढकलायचं, मग ओढायचं, आणि तरीही दोन माणसं लागतात. एक जण चौकट धरतो, दुसरा दार. त्यात तिचे दागिने नव्हते, पैसे नव्हते. तिच्या यजमानांच्या पेन्शनची फाइल होती आणि मुलाची दहावीची मार्कलिस्ट. गाळ आत गेला होता, कागद एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. तिने तो गठ्ठा अजून ठेवलाय, का ते तिलाही सांगता येत नाही.

मी ते कपाट जसंच्या तसं नाटकात आणलं. दुसऱ्या अंकात आता दोघे भाऊ वाद घालता घालता कपाट उघडतात. दोन माणसं लागतात म्हणून थोरल्याला हात लावावाच लागतो. भाषण पावणेतीन पानांवरून सात-आठ वाक्यांवर आलं, कारण दार ओढताना माणूस एवढंच बोलू शकतो. निळ्या रेषेचा मुद्दा तो मांडायला लागतो आणि धाकटा म्हणतो, “ते नंतर. खालून धर.” नाट्यगृहात इथे हशा येतो. लिहिताना तो येईल असं मला वाटलं नव्हतं.

धाकट्याला मी जे दिलं ते देताना त्रास झाला, कारण ती उत्तरं माझ्याकडे नाहीत. “रेषा तुम्ही आत्ता ओढली, घर आजोबांनी बांधलं.” “रेषेबाहेर गुंठ्याला काय भाव चाललाय, बोल ना. की विश्रामबागेत मला ठेवून घेतोस?” आणि माझं ते लाडकं टाळीचं वाक्य, तेही त्यालाच दिलं. तो ते थोरल्याची नक्कल करत म्हणतो, टीव्हीवर मुलाखत देत असल्यासारखं, काल्पनिक माईक हातात धरून. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे इथे पूर येतो की नाही, हा विषय मात्र पूर्ण काढला. त्यावर सांगलीत टपरीवरसुद्धा दोन तट पडतात आणि एकदा तो निघाला की घराचं राहून जातं.

आता कागदपत्रांकडे. अंतिम संहिता 14 सप्टेंबरला झाली. डीटीपी पानाला 30 रुपये, 64 पानं, म्हणजे 1,920. मराठी टायपिंगला देताना फॉन्ट युनिकोडच हवा असं आधीच सांगा. नाहीतर पुढे पीडीएफमधून काही कॉपी करायला गेलात की जोडाक्षरांची चटणी होते, आणि ऑनलाइन अर्जात संहितेचा सारांश टाकताना परत सगळं टंकावं लागतं. झेरॉक्स आणि स्पायरल धरून डझनभर प्रती, साधारण 2,000 रुपये. पान क्रमांक सगळ्या प्रतींत सारखेच ठेवा. तालमीत ‘पान 41’ म्हटल्यावर सगळ्यांचं 41 एकच असलं पाहिजे, आणि सेन्सॉरने काही बदल सुचवला तर तोही पानावारीच येतो.

कॉपीराइटची नोंदणी करायची का, यावर मतं वेगवेगळी आहेत. कायद्याने ती सक्तीची नाही, लिहिल्याबरोबर हक्क लेखकाचाच असतो. मी केली, कारण पुरावा हाताशी असावा असं सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही वाटतं. साहित्यकृतीसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क 500 रुपये. अर्ज भरला की डायरी नंबर मिळतो, मग हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं, त्यानंतर छाननी. मी 22 सप्टेंबरला भरला. तो डायरी नंबर सहीबरोबर संहितेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. प्रमाणपत्राची वाट बघत स्पर्धेचा अर्ज अडवून ठेवू नका, दोन्हींचा काही संबंध नाही.

संबंध आहे तो सेन्सॉरचा. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. नाटकवाले त्याला सरळ सेन्सॉरच म्हणतात. स्पर्धेच्या प्रवेशिकेबरोबर मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाचं परवानगीपत्र लागतं. शुल्क, प्रती आणि अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून आकडे मी इथे देत नाही. त्या वर्षीचं परिपत्रक समोर ठेवूनच भरा. परवानगीपत्र लेखक आणि संस्था एकाच ग्रुपमधले असले तरी कागदावर घ्या. त्यात नाटकाचं नाव, संस्थेचं नाव आणि परवानगी फक्त या स्पर्धेपुरती की पुढच्या प्रयोगांसाठीही, हे स्पष्ट लिहा. आमच्या ग्रुपमध्ये यावरून मागे एकदा दोन माणसं दोन वर्षं बोलत नव्हती.

सेन्सॉरची मला भीती होती हे लपवत नाही. आपल्याकडे त्याच्या गोष्टीच तशा आहेत. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’मध्ये 1970 साली साडीवरच्या लाल डागावर आक्षेप आला, तेव्हा डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की हा लाल समजावा. ‘सखाराम बाइंडर’साठी 1972 मध्ये दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले. सखाराम जे बोलतो ते तेंडुलकरांचं मत, असं समजणारी माणसं तेव्हाही होती आणि आजही भेटतात. माझ्या नाटकात एक निवृत्त सरकारी अभियंता खात्याबद्दल बोलतो. ही पात्राची मतं, लेखिकेची नव्हेत, असं एक पानभर टिपण मी तयार ठेवलं होतं. त्याला नियमांचे दाखले, आईचं पात्र कसं समतोल साधतं, वगैरे वगैरे. आमच्या सीए सरांनी ते वाचून दिलं, दोन ठिकाणी ‘सदर’ घातलं.

26 सप्टेंबरला संहिता गेली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं. एकही बदल नाही. टिपण कुणी मागितलंच नाही, ते अजून फाइलमध्ये आहे. आनंद झालाच, पण मनातल्या मनात थोडं हिरमुसायलाही झालं. सरकारला माझ्या नाटकात आक्षेपार्ह काहीच सापडू नये?

एक गोष्ट मात्र संहिता पाठवायच्या आधी काकांच्या सांगण्यावरून केली होती. पहिल्या खर्ड्यात एका पुढाऱ्याचा उल्लेख असा होता की सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही कोण ते कळावं. तो काढला. घाबरून नव्हे. काकांचं म्हणणं, प्रेक्षक एकदा ‘हा तोच ना?’ म्हणून शेजाऱ्याच्या कानाशी लागला की पुढची दहा मिनिटं तो नाटकात नसतो. खाडिलकरांच्या प्रेक्षकाला ओळखायला मजा येत होती कारण उघड बोलायला बंदी होती. आपण तर रोज मोबाइलवर नावं घेऊनच भांडतो.

तालमी ऑक्टोबरभर आणि नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे, एका शाळेच्या हॉलमध्ये रात्री आठ ते अकरा. दिवाळीत चार दिवस सुट्टी द्यायची, 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन म्हणून सगळे भावे नाट्यमंदिरातल्या कार्यक्रमाला जाणार हे धरूनच वेळापत्रक आखा. तालमीत लेखकाने रोज बसावं की नाही? मी पहिले आठ-दहा दिवस बसले, मग काकांनी मला चहाच्या हिशेबावर पाठवलं. थोरल्याचं काम करणारा नट दर वाक्यानंतर माझ्याकडे बघायचा, बरोबर आलं का म्हणून. मी तिथे असेपर्यंत तो माझंच मत नीट पोचवायच्या मागे होता. मी उठल्यावर त्याला कपाट दिसायला लागलं.

त्याने एक गोष्ट मागून घेतली. थोरला घर सोडा म्हणतो, पण त्याचं स्वतःचं काही जातंय असं दिसत नाही, मला हातात काहीतरी द्या, म्हणाला. मग कपाटातून निघालेल्या कागदांच्या विटेत त्याच्याच पहिल्या नेमणुकीचं पत्र ठेवलं. वाचता येत नाही, फक्त वरची राजमुद्रा दिसते. नटांनी लेखकाकडे मागावं आणि लेखकाने द्यावं ही चाल जुनी आहे. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये राज्य नाट्य स्पर्धेसाठीच लिहिलं गेलं आणि त्यातलं नायिका बेणारेचं शेवटचं लांब स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांड्यांच्या आग्रहामुळे आलं. तिथे पात्राला भाषण मिळालं. खटला सुरू झाल्यापासून ती जवळजवळ गप्प केली गेलेली असते म्हणून ते शोभतं, आणि तेही ती खरंच बोलते की फक्त मनात, हे कळत नाही. माझा थोरला पहिल्या मिनिटापासून बोलतोच आहे. त्याला भाषण कशाला?

खर्चाचा हिशेब, कारण तो कुणीच सांगत नाही. नेपथ्य 17,500, त्यात जुनं कपाट भंगारवाल्याकडून 1,200 ला आणि ते फुगल्यासारखं अडकावं म्हणून सुताराने चौकटीत बसवलेल्या पट्ट्या. टेम्पो येऊन-जाऊन 2,800. प्रकाश आणि ध्वनी 9,000. रंगभूषा, वेशभूषा 4,200. तालमींचा चहा-नाश्ता 5,600. डीटीपी, झेरॉक्स, शुल्कं वगैरे धरून एकूण 44,000 च्या थोडं पुढे. दर माणशी तीन हजार वर्गणी काढली, उरलेलं दोन जाहिरातींतून. स्पर्धेसाठी भरलेली अनामत वेगळी, ती परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा. कपाटाच्या पट्ट्या रंगीत तालमीच्या आधी किमान दोनदा तपासा. रंगीत तालमीत दार पहिल्याच झटक्याला उघडलं आणि धाकट्याची चार वाक्यं हवेत राहिली.

21 नोव्हेंबरला प्रयोग झाला, संध्याकाळी सात वाजता, सांगली केंद्रावर. मी विंगेत होते, नेहमीच्या जागी. तिसरी घंटा झाल्यावर पोटात जो गोळा येतो तो लेखकाला जास्त येतो असं ऐकलं होतं. खोटं आहे, प्रॉम्प्टरला जास्त येतो. मला दोन्ही होते. दार नीट अडकलं. ‘खालून धर’ला हशा आला. टीव्हीच्या नकलेला त्याहून मोठा आला, माझ्या लाडक्या वाक्यावर तीनशे माणसं हसली आणि मी अंधारात पान उलटलं.

प्रयोगानंतर रंगपटात बरीच माणसं आली. गावभागातले एक गृहस्थ धाकट्याच्या नटाचा हात हातात घेऊन बराच वेळ उभे होते, बोलले काहीच नाहीत. एका बाईंनी मला बाजूला घेऊन जरा रागानेच विचारलं, “म्हणजे तुमचं म्हणणं, लोकांनी तिथेच बुडत राहायचं का?” मी म्हटलं, नाही हो, माझं म्हणणं उलटं आहे. त्यांना ते पटलं नाही. नाटकात मग धाकटाच कसा भाव खाऊन जातो, असं म्हणाल्या. याला उत्तर माझ्याकडे त्या रात्री नव्हतं आणि आज जे आहे ते त्यांना ऐकवता आलं नसतं. पूरपट्ट्यात बांधू नये हे मत माझं अजून तसंच आहे, रिक्षात अजून सांगते. फक्त आता सांगताना मधेच गुंठ्याचा भाव आठवतो आणि मी जरा हळू बोलते.

निकाल डिसेंबरात लागला. अंतिम फेरीत गेलो नाही. धाकट्याचं काम करणाऱ्या नटाला अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं, थोरल्याचा नट त्यावरून त्याला अजून पार्टी मागतोय. कॉपीराइटचं प्रमाणपत्र यायचंय.

जानेवारीत नदीकाठच्या एका गावातून यात्रेत प्रयोग करण्याबद्दल विचारणा आली. मानधन बरं होतं, जाण्यायेण्याचा खर्चही देत होते. एकच अट. फोनवरचे गृहस्थ फार अदबीने म्हणाले, “मॅडम, नाटक झकास आहे, पण शेवटी थोरल्या भावाला एक चांगलं भाषण द्या की. निळी रेषा, लाल रेषा, सगळं नीट समजावून. लोकांना संदेश मिळेल.” तसं भाषण माझ्या ड्रॉवरमध्ये तयार होतं, पावणेतीन पानांचं. मी त्यांना सांगितलं की मंजूर झालेल्या संहितेबाहेरचं वाक्य रंगमंचावर घेता येत नाही, सेन्सॉरचा नियम आहे, बदल करायचा तर परत मंडळाकडे पाठवावा लागेल. ते म्हणाले, अरे बापरे, मग राहू द्या, आहे तसंच करा. प्रयोग 16 फेब्रुवारीला आहे.